सेतुरावांची दशमानी

एका माणसाने घरी बसून, कोणी मागितलेली नसताना तयार केलेली भाषा दुसरा माणूस कधी आपणहून बोलतो का, हा प्रश्न मला या लेखात सोडवायचा आहे. प्रश्न मूळचा माझा नव्हे. तो आमच्या चामराजपेटेतल्या सेतुमाधवरावांचा. पण तो त्यांच्या मानगुटीवर बसला माझ्या एका वाक्यामुळे, म्हणून उत्तराची थोडी जबाबदारी माझ्याकडे येते. जन्मभर फळ्यावर गणिते सोडवून दाखवलेल्या माणसाला पायरी गाळता येत नाही. तेव्हा आधी माणूस, मग भाषा, मग उत्तर, या क्रमाने जाऊ.

सेतुराव वजनमापांचे निरीक्षक होते. दुकानदारांचे तराजू तपासायचे, खऱ्या वजनांवर त्या वर्षाचा शिक्का ठोकायचा आणि खोटी वजने जप्त करून मोडायला पाठवायची, असे त्यांचे काम. घराणे बेंगळुरात तीनशे वर्षे राहिलेले. घरात मराठी, दारात कन्नड, कचेरीत इंग्रजी, बाजारात दखनी आणि भिंतीपलीकडच्या बिऱ्हाडाशी तमिळ, अशा पाच भाषा त्यांना सहज येत. पाच भाषांत मिळूनही आपले म्हणणे पुरते मांडता येत नाही असे ज्याला वाटते, त्याला सहावी भाषा लागते. हे तर्काला धरून आहे. फक्त त्यांचे म्हणणे काय होते, ते आम्हांला कुठल्याच भाषेत कळले नाही.

माणूस कमालीचा काटेकोर. लग्नाच्या पंगतीत लाडू पानात पडला की ते तो तळहातावर घेत, दोनदा उचलून पाहत आणि शेजाऱ्याला म्हणत, "मागच्यापेक्षा हलका." यजमान ऐकतो आहे की नाही याची त्यांना चिंता नसे. बंद गळ्याच्या कोटाच्या खिशात छटाकभराचे एक पितळी वजन कायम असायचे. बोलताना ते बोटांत फिरवायचे. वजन थांबले की समजावे, आता सेतुराव निर्णय देणार. आणि त्यांचा सर्वांत कडक नियम असा, की आपल्या हद्दीतल्या बाजारात आपल्या बायकोने भाजी घ्यायची नाही. भाजीवाला निरीक्षकाच्या बायकोला दोन वांगी जास्त घालील, आणि त्या दोन वांग्यांनी सरकारी तराजू झुकेल. त्यामुळे सरसाक्कांना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, घराजवळचा बाजार सोडून दर शनिवारी शेजारच्या जयम्मांबरोबर बसने थेट शिवाजीनगरला जावे लागे. निःस्पृहपणा नवऱ्याचा आणि बसचे धक्के बायकोला, ही वाटणी आपल्याकडे जुनीच आहे. हा नियम वाचकांनी लक्षात ठेवावा, पुढे लागेल.

भाषेचा जन्म नवे पैसे आले त्या वर्षीचा. सोळा आण्यांचा रुपया शंभर पैशांचा झाला, पाठोपाठ शेर जाऊन किलो येणार असे ठरले, आणि सेतुरावांना एका सकाळी वाटले, की नाणे सुधारले, वजन सुधारते आहे, मग भाषेनेच का मागे राहावे? त्याच दिवशी त्यांनी कोऱ्या पुठ्ठ्याची पत्रे कापायला घेतली, एका शब्दाला एक. भाषेचे नाव ठेवले दशमानी.

दशमानीत स्वर पाच आणि व्यंजने दहा: क, ग, त, द, न, प, म, र, ल, स. ख, घ, थ, ध यांना पहिल्याच दिवशी रजा मिळाली. ते "वाया जाणारी हवा" होते. ळला निरोप देताना मात्र सेतुराव दोन दिवस जेवणावर नव्हते, असे सरसाक्का सांगत. ब देखील गेला, त्याच्या जागी म आला. त्यामुळे आमच्या शहराचे नाव 'मेंगलूर' झाले, आणि दोनशे मैलांवरच्या मंगळूरचे 'मंगलूर'. मी शंका काढली, "अण्णा, तिकीट काढणारा चुकीच्या गावी पोचेल."

वजन थांबले. "तिकिटावर मैल लिहावेत," ते म्हणाले. "चूक तिकिटाची आहे."

हीच दहा व्यंजने आकडेही होती. का म्हणजे एक, गा म्हणजे दोन, आणि असेच ओळीने ता, दा, ना, पा, मा, रा, ला, सा म्हणजे दहा. व्याकरणाचा मुकुटमणी यावर उभा होता. चांगले, वाईट, सुंदर, टाकाऊ असली ढिली विशेषणे दशमानीत नव्हतीच. 'नेर' म्हणजे गुण. त्याला आकडा जोडायचा आणि शेवटी विधानाचा 'ते' लावायचा. सडके वांगे 'नेरगाते', म्हणजे दोन गुणांचे. बरे वांगे 'नेरपाते', सहा गुणांचे. मंत्री, कविता, कॉफी, जावई, सगळ्यांना एकच माप. "भांडणे का होतात?" सेतुराव मला समजावत. "तुम्ही म्हणता चांगलं, मी म्हणतो वाईट. दशमानीत तुम्ही म्हणाल सहा, मी म्हणेन चार. फरक फक्त दोन. दोनासाठी कोण भांडतो?"

या सिद्धान्ताची पहिली परीक्षा त्यांच्याच स्वयंपाकघरात झाली. सरसाक्का विळीवर भेंडी चिरत होत्या. मी पाटावर कॉफी घेत होतो. त्यांनी मान न वळवता विचारले, "अहो, मग मी कितवी?"

सेतुराव क्षणभरही थांबले नाहीत. "नेरमाते."

"म्हणजे?"

"सात."

विळी थांबली. "दहातले सात?"

"दहा कुणालाच मिळत नाही, सरसू. आमच्या धंद्यात पूर्ण बरोबर असं वजन नसतं. नऊ मी आईला दिलेत. आठ रिकामे आहेत."

"सरी," म्हणजे 'बरं', असे सरसाक्का कन्नडमध्ये म्हणाल्या, आणि पुन्हा चिरू लागल्या. त्या दिवशी सारात मीठ दहातले सात होते. सेतुराव ते शांतपणे जेवले. मला वाटते त्यांनी त्यालाही मनातल्या मनात आकडा दिला असावा. त्या प्रसंगावरून फरक दोनाचा असो की तिनाचा, भांडण होते, हे सिद्ध झाले. पण सिद्धान्त मांडणाऱ्याने त्याची नोंद घेतली नाही.

पुढे भाषावार राज्ये झाल्यानंतरची धुसफूस वाढली, तेव्हा सेतुरावांना देशासाठी काही करावेसे वाटले. त्यांनी वरिष्ठ कार्यालयाला सतरा पानांचे निवेदन पाठवले. मुद्दा बिनतोड होता: कुठलीही भाषा लादली तर कुणावर तरी अन्याय होतो, दशमानी कुणालाच येत नाही, म्हणून ती लादली तर अन्याय सर्वांवर सारखा होईल. तीन महिने उत्तर आले नाही. चौथ्या महिन्यात एक लिफाफा फिरत फिरत आला. विषयात 'दशमान' हा शब्द पाहून कुणा हुशार कारकुनाने निवेदन वजनमाप खात्याकडे वळवले होते, खात्याने विभागाकडे, आणि विभागाने 'अभिप्रायार्थ' म्हणून थेट सेतुरावांच्या टेबलावर.

दुसरा कोणी असता तर हसला असता किंवा रडला असता. सेतुरावांनी आपलेच निवेदन पहिल्या पानापासून वाचून काढले, दोन ठिकाणी स्वतःच्या चुका दाखवल्या आणि खाली लिहिले: "प्रस्ताव विचारार्ह आहे. तथापि अर्जदाराने ही भाषा बोलणाऱ्यांची संख्या दिलेली नाही." सही केली आणि कागद वर पाठवला. तो पुन्हा खाली आला नाही. आपल्या प्रशासनाने एखादी गोष्ट इतक्या ठामपणे संपवल्याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही.

आता माझा अपराध. सेतुरावांच्या खात्यात एकदा शिक्का बसला म्हणून वजन कायमचे खरे ठरत नसे; ते दर वर्षी पुन्हा तपासावे लागे. तीच पद्धत त्यांनी शब्दांना लावली होती. बिस्किटांच्या चार डब्यांत बाराशे शब्दांची पत्रे होती, प्रत्येकावर वर्षाचा रबरी शिक्का. वर्ष संपताना, शेवटच्या रविवारी, सारी पत्रे बाहेर निघत. नियम असा: सरत्या वर्षात निदान दोन माणसांनी वापरलेल्या शब्दालाच नवा शिक्का; बाकीचे बाद. पहिला माणूस अर्थात सेतुराव. दुसरा मी. मी पंच म्हणून समोर बसून बाराशे शब्द एकदा मोठ्याने वाचायचे, खाली सही करायची आणि दोन वाट्या उप्पिट्टू, म्हणजे आपला उपमा, खायचे. पाच वर्षे मी हे इमानाने केले. घसा बसे, भाषा तरे.

सहाव्या वर्षी सातशेव्या शब्दाच्या आसपास मला शाळा आठवली. मी सहज म्हणालो, "अण्णा, हे मी वाचतो आहे. वाचणं म्हणजे वापरणं नव्हे. मुलगा पाढा घडाघडा म्हणतो, म्हणून त्याला हिशेब येतो असं आम्ही धरत नाही."

वजन बोटांत थांबले.

"म्हणजे पाच वर्षं मी खोटा शिक्का मारला," सेतुराव म्हणाले.

मी घाईने सावरायला गेलो. त्यांनी हात वर केला. ज्या माणसाने पाऊण तोळ्यासाठी लोकांची दुकाने बंद केली, त्याला स्वतःला सवलत देता येईना. निर्णय तिथेच झाला: पुढच्या वर्षअखेरपर्यंत दुसऱ्या कोणीतरी, पत्र हातात न घेता, आपल्या गरजेपोटी दशमानी बोलली पाहिजे. न बोलल्यास चारही डबे बंबात.

"चांगलं झालं," आतून सरसाक्कांचा आवाज आला. "आठवडाभर पाणी तापेल."

सेतुराव हसले नाहीत. तो माणूस त्या दिवसापासून खचल्यासारखा झाला. लाडू उचलून पाहणे बंद झाले. त्यांना मूल नव्हते. मागे राहण्यासारखे जे काही होते, ते त्या चार डब्यांत होते. हे मला उशिरा कळले. शिक्षकांना बऱ्याच गोष्टी बरोबर उत्तर दिल्यानंतर कळतात.

त्यांनी प्रयत्न केला. रविवारचा मोफत वर्ग काढला. एक निवृत्त पोस्टमास्तर, एक शिंपी, एक होमिओपॅथ आणि घरी बायकोशी न पटणारे एक वकील असे चार विद्यार्थी नियमित आले. दोन महिन्यांत चौघांनाही 'कॉफी द्या' हे वाक्य निर्दोष म्हणता येऊ लागले. तिसऱ्या महिन्यात सेतुरावांनी, शुद्ध परीक्षा व्हावी म्हणून, कॉफी बंद केली. पुढच्या रविवारी वर्गात फक्त वकील होते. ते कन्नडमध्ये म्हणाले, की घरापेक्षा इथे बरे वाटते, शिकवले नाही तरी चालेल.

असे करता करता वर्ष सरत आले. वर्षअखेरच्या पडताळणीला आठच दिवस उरले होते. त्या सुमारास शिवाजीनगरचा निरीक्षक आजारी पडला आणि त्याचे काम आठवडाभर सेतुरावांकडे आले. शनिवारी दुपारी मी त्यांच्याबरोबर गेलो. फेरी संपल्यावर कोरा पुठ्ठा घ्यायचा आहे, असे ते म्हणाले होते. जुनी पत्रे आठवड्यात बंबात जाणार असताना तो कशासाठी, हे विचारायचे मला धैर्य झाले नाही.

शिवाजीनगरच्या बाजाराविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. तिथल्या भाजीवाल्याला गिऱ्हाईक बोलेल ती भाषा येते. म्हणून तिथे दोन बायकांना आपापसांत भावाविषयी काही बोलायचे, तर भाषाच उरत नाही. मराठीत कुजबुजा, तो मराठीत उत्तर देतो, कन्नडमध्ये, कन्नडमध्ये, तमिळ, तेलुगू, सगळीकडे तो आधीच बसलेला.

आम्ही भाजीच्या ओळीत शिरलो. दोन दुकानांपलीकडे सरसाक्का आणि जयम्मा पाठमोऱ्या उभ्या होत्या; हा बाजार आठवड्यापुरता नवऱ्याच्या हद्दीत आल्याचे सरसाक्कांना कुणी सांगितले नव्हते. समोर करीमसाब नावाचा पांढऱ्या दाढीचा भाजीवाला, आणि मध्ये वांग्यांचा ढीग. सेतुराव हाक मारणार, इतक्यात सरसाक्कांनी एक वांगे उलटे केले आणि जयम्मांना हळूच म्हणाल्या, "नेरगा."

जयम्मांनी नाक मुरडले. "गा? अय्यो, का! का!"

सेतुरावांनी माझे मनगट पकडले.

"चला," सरसाक्का म्हणाल्या. आणि मागून करीमसाब ओरडला, "ओ अक्का! का कशाला बोलता? सकाळचा माल है. रा बोला, रा!"

"आठ?" सरसाक्का मराठीत उसळल्या. "डोळे आहेत की गोट्या? दा!"

"दा में तो मैं बैल को भी नहीं देता. पा!"

जयम्मांनी ढिगातले वांगे दाबून पाहिले. "स्वल्प बरी आहेत, सरसाक्का. पा असू दे."

"सरी. पा. तोल."

विश्वशांतीसाठी घडवलेली भाषा वांग्यांवरून भांडायला वापरली जात होती, आणि छान चालली होती. सहा-सात वर्षे विळीवर बसून, भिंतीपलीकडून ऐकून, या दोघींनी तिच्यातले हवे तेवढे उचलले होते. एकाही वाक्याला 'ते' नव्हता. बाजारात चोरून बोलायला त्यांनी ती नेली, आणि दर शनिवारी ऐकून ऐकून करीमसाबने ती त्यांच्यापासून चोरली.

सेतुराव पुढे झाले. मला वाटले, आता बोलतील. पण तराजूच्या पारड्यात किलोचे वजन पडले होते, आणि त्यांची नजर त्यावर गेली होती. त्यावर चालू वर्षाचा शिक्का नव्हता. त्यांनी आपली पेटी उघडली, प्रमाणित वजन दुसऱ्या पारड्यात ठेवले. करीमसाबचे पारडे वर गेले.

सरसाक्का एक पाऊल मागे सरल्या. नवरा कामावर असला की त्या त्याला ओळखत नसत. तोही नियम होता.

"हे जप्त," सेतुराव म्हणाले. त्यांनी पावती लिहिली. अक्षर बिघडले नाही. करीमसाबने खूप विनवले. उपयोग झाला नाही. शेवटी तो पावती घेऊन वळला आणि आपल्या दोन गिऱ्हाइकांना, साहेबाला कळणार नाही अशा खात्रीच्या भाषेत, साहेबाविषयीचे आपले मत सांगता झाला.

"नेरका."

एक. दहापैकी एक.

जयम्मांनी पदर तोंडात कोंबला. मी सेतुरावांकडे पाहिले. बक्षीस घेणाऱ्या मुलांचे चेहरे मी पुष्कळ पाहिले आहेत. इतका उजळलेला एकही नाही.

"काय म्हणालात?"

"कुछ नहीं, साब."

"घाबरू नका. पुन्हा म्हणा. हे मास्तर पंच आहेत."

करीमसाबने माझ्याकडे पाहिले, मग जमिनीकडे. "नेरका, साब."

सेतुरावांचे ओठ 'ते' म्हणण्यासाठी उघडले. मी वाट पाहिली. ओठ तसेच मिटले.

तेवढ्यात सरसाक्का पुढे आल्या. पिशवी त्यांनी या हातातून त्या हातात घेतली. "का नव्हे हो, करीमसाब," त्या म्हणाल्या. "मा."

"मा? ये साब को? सात?"

"मा. मी ओळखते यांना. साताच्या वर कुणाला मिळतात?"

पुढच्या रविवारी पडताळणी झाली. बाजारात ऐकलेल्या शब्दांचीच पत्रे वेगळी निघाली, मी सही केली, आणि त्यांच्यावर नवा शिक्का बसला. ती सारी मिळून एका डब्याचा तळही झाकीनात. उरलेली पत्रे सेतुरावांनी स्वतः बंबात घातली. पाणी खरोखरच आठवडाभर तापले. नवा शब्द त्यानंतर त्यांनी एकही केला नाही.

मी त्यांना शेवटचे पाहिले ते त्यांच्या निवृत्तीनंतर, त्याच बाजारात. करीमसाबच्या दुकानाशेजारी एका पालथ्या खोक्यावर ते बसले होते. हातात वही नव्हती, पितळी वजनही नव्हते. मांडीवर फक्त सरसाक्कांची पिशवी. समोर एक अनोळखी तमिळ बाई टोमॅटो निवडत होती आणि करीमसाबला "ता, ता" म्हणून ठणकावत होती. सेतुराव डोळे मिटून ऐकत होते. मी हाक मारली नाही.

तर उत्तर 'हो' असे येते. पण ते एकाच पंचाच्या साक्षीवर उभे आहे, आणि एका पंचाची साक्ष सेतुरावांनी कधी पुरेशी मानली नसती. म्हणून वाचकांना विनंती, की माझ्यावर विसंबू नये. शिवाजीनगरला जावे, भाजीच्या ओळीत एक वांगे हातात घ्यावे, बरोबरच्या माणसाला हळूच "नेरगा" म्हणावे, आणि भाजीवाला काय आकडा सांगतो ते आपल्या कानांनी ऐकावे.